हत्तींचा निवारा: पाहुण्यांना आंघोळ घालू द्यावी का?

पाणवठा:
नमस्कार मंडळी. आमच्या कुटुंबाची नदीकाठी बरीच पडीक जमीन आहे. वडिलांच्या ओळखीतून दोन हत्तिणींबद्दल कळलं. एक ओझी ओढून थकलेली, साठीच्या घरातली. दुसरी पस्तिशीची, पाठीवर माणसं वाहणारी. दोघींना आणून घरचाच निवारा काढावा, असं आई, भाऊ आणि मी म्हणतोय. पाठीवर बसवणं नाही, खेळ करून दाखवणं नाही, यावर एकमत आहे. अडलंय आंघोळीवर. भाऊ म्हणतो, नदीत हत्तीला घासायला मिळालं तर लोक पैसे देतील, आणि हत्तीलाही पाणी आवडतंच. मला ते पटतंय आणि नाहीही. शिवाय दोघींचे मालक पैसे मागताहेत. ते मोजावेत का? परवान्यांचं वनखात्याशी बोलणं चालू आहे, ते सोडून बाकी सांगा.

उंटावरचा शहाणा:
शीर्षक वाचून वाटलं, पाहुण्यांनाच आंघोळ घालायची आहे. तो धंदा सोपा पडेल.
गंभीरपणे विचारतो: खरा निवारा असेल तर पाहुणे हवेतच कशाला? अमेरिकेत टेनेसीमध्ये १९९५ पासून हत्तींचा एक मोठा निवारा आहे. तिथे लोकांना हत्तींजवळ सोडत नाहीत, बघायचं ते कॅमेऱ्यातून.

हिशेबाची वही:
आमचा निवारा सासऱ्यांनी सुरू केला. आज पाच हत्तिणी आहेत, घरची सात माणसं आणि माहूत. चारा, शेण आणि वही माझ्याकडे.

शहाण्यांचं म्हणणं तत्त्वाला धरून आहे, पण टेनेसीवाले देणग्यांवर चालतात. तेवढे देणगीदार घरगुती निवाऱ्याला कुठले? मोठी हत्तीण दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खाते, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त न पचता मागून बाहेर येतो, म्हणजे तोही कुणीतरी उचलायचा. तेव्हा पाहुणे येऊ देत. त्यांना विकायचं काय, एवढं ठरवा.

आम्ही सुरुवातीला आंघोळच विकली, खोटं कशाला बोलू. सकाळी एक गट, दुपारी दोन. हत्तीला पाणी आवडतं हे खरं, पण तिच्या वेळेला. दिवसातून तिसऱ्यांदा नाही. आणि बाहेर आल्यावर ती पहिलं काम काय करते, तर अंगावर माती उडवते. ऊन आणि माश्यांपासून तिची कातडी त्या मातीनेच वाचते. आपण घासघासून काढतो तेच नेमकं तिला हवं असतं!

एके दुपारी थोरली काठावर थांबली ती थांबलीच. पाहुणे कपडे बदलून पाण्यात उभे. माहुताने हाका मारल्या, कानामागे काठी टेकवून पाहिली, मग माझ्याकडे आला. "वहिनी, ती नाही म्हणतेय. अंकुश आणू का?" अंकुश आम्ही वापरत नव्हतो, कुलपात ठेवला होता. पण ठेवला होता. किल्ली माझ्याच कमरेला होती.

पाहुण्यांना परत पाठवलं. रात्री जेवताना विषय काढला तर धाकटे दीर म्हणाले, निम्मी मिळकत आंघोळीची आहे. खोटं नव्हतं, वही मीच लिहीत होते. दोन महिने घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी आंघोळ बंद झाली. पुढची दोन वर्षं घरच्यांनी काही घेतलं नाही. माहुतांचा पगार मात्र एकदाही चुकवला नाही. घरची माणसं रुसली तरी उद्या पुन्हा ताटावर बसतात, माहूत गेला की हत्तिणीला ओळखणारा माणूस जातो.

आता पाहुणे चारा कापतात, शेण भरतात आणि कुंपणाबाहेरून बघतात. कधीकधी दिवसभर एकही हत्तीण झाडीतून बाहेर येत नाही. एक गृहस्थ चिडले, "मग आम्ही बघायचं काय?" दीरांनीच त्यांना वाळूचा ढीग दाखवायला नेलं. थोरलीचं आयुष्य सिमेंटवर उभं राहून गेलं, सांधे धरलेले. आडवी झाली तर उठता येईना, म्हणून ती उभ्यानेच झोपायची. तिला टेकून कलंडता यावं, तसंच उठताही यावं, असा उतरता ढीग आम्ही घातला. सात महिने तो कोराच. पहाटे उठून मी आधी तिकडे जायचे. एक दिवस वाळूत तिच्या कुशीचा ठसा होता, सुरकुत्यांसकट.

पैसे मोजण्याबद्दल. आमची दुसरी विकतच घेतली होती. वर्षाच्या आत त्याच मालकाच्या दारात एक पिल्लू बांधलेलं, आमच्याच पैशांचं. आता आम्ही एकरकमी काही देत नाही. मालकाने पुन्हा हत्ती ठेवणार नाही असं लिहून द्यायचं, त्याला दरमहा ठरलेली रक्कम, आणि माहुताला आमच्याकडे काम. कबूल नसेल तर नाही म्हणायचं. हत्तीण समोर दिसत असताना ते जमवणं फार जड जातं, पण करावं लागतं. थायलंडमध्ये १९८९ साली जंगलतोडीवर बंदी आली तेव्हा लाकूड ओढणारे हत्ती माहुतांसकट बेकार झाले, आणि त्यातले कितीतरी पर्यटकांना पाठीवर घेऊ लागले. माणसाच्या पोटाचं बघितलं नाही की हत्ती एका कामातून सुटून दुसऱ्या कामाला लागतो.

आणि पाहुण्यांशिवाय वर्षभर चारा पुरेल एवढी शिल्लक आधी ठेवा. २०२० साल आठवा.

टाचदुखी:
मी पशुवैद्य. वरच्या ताईंनी सिमेंटचं सांगितलं, त्यात भर: पाळलेल्या हत्तींचा घात बहुतेकदा पायच करतात. तळवे आणि नखं रोज बघता आली पाहिजेत. त्यासाठी मारझोड नको. मध्ये भक्कम गज, काठीच्या टोकाला पाय लावला की खाऊ. निघून गेली तर जाऊ द्यायचं, उद्या येते.
साठीच्या हत्तिणीच्या दाढा बघून घ्या. हत्तीला जन्मात दाढांचे सहाच संच मिळतात, शेवटचा झिजला की चारा चावता येत नाही. शेणात लांबलांब तंतू दिसले की चारा बारीक कापून द्या.
क्षयरोगाची तपासणी दोघी येण्याआधीच. सोंडेत मिठाचं पाणी सोडून परत घेतात, वेगवेगळ्या तीन दिवशी. हा रोग माणसाकडून हत्तीला होतो आणि हत्तीकडून माणसाला, म्हणून घरच्यांची आणि माहुतांचीही करा. सोंडेला तोंड लावून फोटो काढणारे पाहुणे आठवले की माझ्या पोटात गोळा येतो.

पाणवठा:
आभार. भावाला सगळं वाचून दाखवलं. तो फक्त "किल्ली कुणाकडे राहणार" एवढंच म्हणाला आणि उठून गेला. आणखी दोन शंका: दोघींचं एकमेकींशी जमेल का? आणि आमच्यानंतर काय?

हिशेबाची वही:
जमेलच असं नाही. आमच्या पहिल्या दोघी अकरा महिने पाठ करून उभ्या असत. मध्ये कुंपण ठेवा, सोंडा पोचतील एवढी फट ठेवा. फाटक उघडायची घाई तुम्हाला होईल, त्यांना नाही.

दुसरी पस्तिशीची म्हणता, म्हणजे आणखी तीस वर्षं सहज. भावाला मुलं असतील तर आत्ताच विचारा, कारण सांभाळायचं त्यांना आहे. आम्ही जमीन विश्वस्त संस्थेच्या नावे केली. आमच्यातला कुणी उद्या विकायला निघाला तरी विकता येत नाही. पैदास करायची नाही, हेही त्यातच लिहिलंय. पिल्लू बघायला गर्दी लोटते, म्हणूनच लिहावं लागलं. दीरांनी सगळ्यात शेवटी सही केली.

वाळूचा ढीग मात्र त्या येण्याआधी घाला. एकदा हत्तीण आत आली की ट्रक आत नेता येत नाही.