'शिष्ट' ही शिवी आहे का? मदत हवी आहे

आम्ही इंदूरचे. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर हिंदी. भाच्याचं स्थळ पुण्यात चाललंय. रविवारी मंडळी येऊन गेली, पोहे-जिलबी झाली, राजवाडा दाखवून झाला. काल मध्यस्थ मावशींचा फोन आला, तोही स्पीकरवर. "सगळं आवडलं हो, फक्त मुलगा जरा शिष्ट वाटला." आईचा चेहरा खुलला. "वाटणारच! संस्कारच तसे आहेत आमच्याकडे." पलीकडे चिडीचूप.

हिंदीत शिष्ट म्हणजे सभ्य, आई त्याच अर्थाने सुखावली. मराठीत तो टोमणा आहे एवढं मला ठाऊक आहे, पण कितपत टोचरा? माजोरडा म्हणायचंय, की नुसता आखडू? त्यावर काय कळवायचं ते ठरेल. कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद
माज फार पुढची गोष्ट. म्हैस माजावर येते, तिथला तो शब्द. पैशाचा, खुर्चीचा माज असतो आणि तो कोणीतरी उतरवतो. शिष्टपणा कोणी उतरवत नाही. शिष्ट माणूस ओरडत नाही, भांडत नाही. चारचौघांत बसून मोबाइल बघतो, विचारलं तर 'हं' म्हणतो, आणि आपल्याला वाटतं, हा आपल्याला मोजत नाही. भाव खाणं त्याहून हलकं, तेवढ्यापुरतं. 'भाव खाऊ नकोस, ये जेवायला' असं तोंडावर म्हणता येतं. शिष्ट मात्र बहुधा पाठीमागेच म्हणतात.

प्रतिसाद
मूळ अर्थ तुमच्या आईंचाच बरोबर आहे. शास् धातूपासून शिष्ट, शिष्यही त्यातलाच. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या जुन्या ग्रंथात, शिष्टांची भाषा प्रमाण मानली आहे. शिष्टाचार, शिष्टमंडळ यांत तो मान अजून शाबूत आहे. एकटा सुटला की घसरतो. आपल्याकडे चांगल्या शब्दांचं असंच होतं: 'फार शहाणा आहेस', 'संभावितपणे बसलाय'. गंमत म्हणजे अशिष्टही वाईट आणि शिष्टही वाईट, मग मुलाने वागायचं कसं?

प्रतिसाद
माझं मत जरा वेगळं. पुण्यात हा शब्द लाजाळू माणसांवर सर्रास अन्यायाने चिकटवतात. तोरा मिरवायला काहीतरी दाखवावं लागतं, शिष्ट ठरायला गप्प बसणं पुरतं. मुलगा बोलला होता का त्या दिवशी?

धागाकर्ता
कुठला बोलतोय! मुलीच्या वडिलांनी नोकरीचं विचारलं तर "ठीक आहे" म्हणाला आणि बशीतली शेव निवडत बसला. मित्रांत हाच 'भिया, भिया' करून तासन्‌तास चकाट्या पिटतो.

प्रतिसाद
मग बिघडलं काहीच नाही. 'वाटला' म्हणाल्या, 'आहे' म्हणाल्या नाहीत. 'जरा'ही लावलाय. नकार द्यायचा असता तर पत्रिका जुळली नसती. दोघांना फोनवर बोलू द्या.

धागाकर्ता
आभार. मावशींना 'अबोल आहे, शिष्ट नाही' एवढंच कळवतो. लाजाळू म्हटलं तर भाचा माझ्यावर उखडेल.