'नाही' म्हणायला शिकवणारं प्रशिक्षण: कुणाला अनुभव आहे का?

भिडस्त_४३
मी अकाउंट्सला आहे. शुक्रवारी साडेपाचला सहकारी फाइल घेऊन येतो, "ताई, जरा बघाल ना?" आणि माझ्या तोंडून "ठेवा ना" निघून जातं. मग सव्वासातची लोकल आणि घरी मुलांवर चिडचिड. भीड भिकेची बहीण, हे आई सांगायची ते आता पटतंय. ऑफिसने एकदा दिवसभराची कार्यशाळा ठेवली होती. दबलेला, आक्रमक, ठाम असे तीन रंगीत चौकोन बघितले, जेवण छान होतं, सोमवारी पुन्हा "ठेवा ना". आता पदरचे पैसे घालायचे तर कशावर घालू?

खारीशेव
नुसतं व्याख्यान असेल तर जाऊ नका. तालीम करून घेणारा छोटा गट शोधा. मी आठ शनिवार गेले, आम्ही दहा जण होतो. आपला खरा प्रसंग सांगायचा, कुणीतरी तो सहकारी व्हायचं, की सुरू. माझी पहिली खेप: "सॉरी हं, जमलं असतं, पण आज ना घरी पाहुणे..." शिकवणाऱ्या बाईंनी तिथेच थांबवलं. म्हणाल्या, आता तो विचारणार, पाहुणे किती वाजता येणार आहेत! छाटत छाटत उरलं ते एवढंच: "आज नाही जमणार. सोमवारी अकराला बघते." समोरचा कितीही घोळवो, तेच वाक्य, त्याच आवाजात. अडकलेल्या रेकॉर्डसारखं. सहाव्यांदा म्हणताना मला हसू फुटलं.

मुपो_ठाणे
वाक्य पाठ होतं हो, छातीतल्या धडधडीचं काय? माझी अडचण 'तो मला वाईट समजेल आणि ते मला सहन होणार नाही' ही होती. त्यावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती (१९५५) कामी आली. त्रास देणारा असा विचार पकडायचा आणि तो खरा आहे का ते तपासायचं. मुंबईच्या कि. मो. फडक्यांनी ती आपल्याकडे रुजवली. एलिस स्वतः मुलींशी बोलायला घाबरायचा. एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या बागेत ठरवून शंभर अनोळखी बायकांशी बोलला. भेटायला एकच तयार झाली, तीही आली नाही. भीती मात्र गेली. मला समुपदेशकांनी गृहपाठ दिला: मंडईत एकच मिरची विकत मागायची. भाजीवाली म्हणाली, "येकच?" कान तापले. तिने दोन दिल्या, पैसे घेतले नाहीत. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेत चौकशी करा, डॉ. आनंद नाडकर्णी याच पद्धतीचे.

पाटावरवंटा
एक आडवा मुद्दा. घरात मारहाण, धमक्या असतील तर तिथे असले प्रयोग करू नका, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा. कंत्राटी नोकरीतही आधी अंदाज घ्या. ताईंचं प्रकरण तसं वाटत नाही.

भिडस्त_४३
काल म्हटलं! सवयीने "सॉरी" गेलंच आधी. तो फाइल घेऊन गेला आणि दहा मिनिटांनी परत आला. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज कापत होता, पण म्हटलं. ५.५२ची लोकल मिळाली, खिडकीसुद्धा. खारीशेव, गटाची माहिती व्यनि (खासगी निरोप) कराल?