पहिली-दुसरीच्या वर्गात टीव्ही आणि टॅब नेमके कसे वापरायचे? सल्ला हवाय

डोंगरशाळा
नमस्कार मंडळी. मी झेडपीच्या द्विशिक्षकी शाळेत आहे, पहिली-दुसरी एकत्र, पट १९. दिवाळीनंतर गावाने लोकवर्गणीतून ४३ इंची टीव्ही घेऊन दिला आणि एका संस्थेकडून ४ टॅब मिळाले. गावाने एवढ्या विश्वासाने पैसे काढलेत म्हटल्यावर वापरायचं तर आहेच, पण मनाला समाधान नाहीये. बडबडगीतं लावली की पोरं टक लावून बघत बसतात, तोंडातून शब्द नाही, आणि टीव्ही बंद केला की "बाई अजून एक, अजून एक" सुरू. महिनाभराने वाचन घेतलं तर जोडाक्षरं राहू द्या, काना-मात्रेतच अडकतायत. टॅबचं तर असं की जो दांडगा त्याच्या हातात, बाकीचे नुसते मागून माना उंचावून बघणार. परवा दुसरीतल्या एकाने पुस्तकातल्या चित्रावर दोन बोटं ठेवून ते मोठं होतंय का बघितलं, मला कसंतरीच झालं. वर्गात रेंज नाही, मागच्या चढावर गेलं की येते. तुम्ही अ‍ॅपची यादी देऊ नका प्लीज, वर्गात प्रत्यक्ष काय करता ते सांगा.

माणदेशी_मास्तर
बाई, टीव्हीवर काही लावण्याआधी त्याचं भिंग करून बघा. मोबाईल स्क्रीन मिररिंगने टीव्हीला जोडायचा (टीव्ही आणि मोबाईल दोघांत सोय असेल तर नेट लागत नाही, नाहीतर केबल मिळते), कॅमेरा चालू करायचा आणि खाली ठेवायचं जास्वंदीचं फूल. मधल्या दांड्यावरचे पिवळे दाणे आणि टोकाला पाच लाल ठिपके टीव्हीवर एवढे मोठे दिसतात की मागची पोरं उठून पुढे येतात. मी काहीच सांगत नाही, "काय दिसतंय?" एवढंच. मग कोणी मोजतं, कोणी दुसरं फूल आणायला पळतं, त्यातही पाचच का ते बघायला. शब्द फळ्यावर लिहायचे आणि तेच वाचायला घ्यायचे.
दुसरं म्हणजे पोराची पाटी कॅमेऱ्याखाली ठेवा. आपलं अक्षर टीव्हीवर आलं आणि सगळा वर्ग ते वाचतोय हे बघून पोर काय फुलतं ते बघाच. फक्त चुकलेली पाटी दाखवायची नाही, हे मी पाळतो.

रानजाई
व्हिडिओ लावायचाच असेल तर तीन-चार मिनिटांचा, आणि पहिल्यांदा आवाज बंद करून. मध्येच थांबवायचं, "आता ही काय म्हणाली असेल?" विचारायचं. पोरं स्वतः संवाद म्हणतात, मग आवाजासकट दाखवायचा. आवाज चालू असला की सगळं तोच बोलतो हो, पोरांना बोलायला जागाच राहत नाही.
रेंजचं म्हणाल तर पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड घरी स्कॅन करून दीक्षा अ‍ॅपवर आधीच डाउनलोड करून ठेवा, शाळेत ऑफलाइन चालतं. परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं ते या क्यूआर कोडच्या कामामुळेच गाजलं, पण कोडमागे जे आहे ते आपण आधी स्वतः बघून मगच लावायचं, नुसतं लावून दप्तर तपासत बसलो तर काही उपयोग नाही. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, पीडीएफ उतरवून मोबाईलवरून टीव्हीवर दाखवा किंवा टॅबमध्ये टाका, पान आपण उलटायचं, वाचायचं पोरांनी.

दोघांची_आई
मी शिक्षिका नाही, पालक म्हणून लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तेवढं चांगलं. तुमची मुलं मोठी आहेत मान्य, पण अंगणवाडीतली भावंडं तिथेच खिडकीत येऊन बसतात ना. आणि घरी मोबाईल असतोच, त्यामुळे शाळेने घरच्यासारखंच दाखवू नये एवढंच मला वाटतं.

सह्याद्री_पालघर
टॅबबद्दल सांगतो. खेळ काढून टाका आणि त्यातला आवाज रेकॉर्ड करायचा तेवढा ठेवा. चौघांत एक टॅब, एक वाचतो, एक बटण सांभाळतो, दोघं ऐकतात, मग पाळी बदलायची. दांडगेपणा आपोआप कमी होतो कारण प्रत्येकाला काम आहे.
आमच्याकडे बरीच मुलं घरी वारली बोलतात. एक मुलगी दोन महिने वर्गात गप्प होती. तिच्या आजीकडून कोल्ह्याची गोष्ट रेकॉर्ड करून आणली आणि वर्गात लावली. मला निम्मे शब्द कळेनात, तेव्हा तीच उठून मला एकेक शब्द मराठीत सांगायला लागली. ते शब्द मी फळ्यावर तिच्यासमोर दोन रकान्यांत लिहिले, तिच्या बोलीतला आणि पुस्तकातला. वाचायला ती तिथून लागली.

चिंचोके
सगळं पटतंय, पण गणिताला टॅब नकोच, माझं स्पष्ट मत. दहा काड्यांची मोळी पोराने स्वतः बांधायला पाहिजे, रबर लावताना एक काडी निसटते, परत मोजावं लागतं, दशक तिथे कळतो. स्क्रीनवर बोट लावलं की मोळी आपोआप तयार होते, पोराने केलं काय? साताऱ्याच्या कुमठे बीटने (बीट म्हणजे शाळांचा गट) ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं या पद्धतीचं, काम उभं केलं ते फरशीवर आखलेल्या चौकटी आणि खडे-बिया यांवर, त्याला ना वीज लागते ना रेंज.

डोंगरशाळा
तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे मनापासून आभार. चिंचोके, गणित पूर्ण काड्यांवर आणलं. टीव्ही आठवड्यातून दोनच दिवस, बहुतेक वेळा कॅमेऱ्यासाठी, परवा मुंगळ्याचे पाय मोजण्यात अर्धा तास गेला कारण तो थांबेचना. आवाज बंद करून व्हिडिओ हे सुरुवातीला जमलं नाही, पोरं चिडली, आता स्वतःच म्हणतात "बाई आधी मुका लावा".
पण खरा फरक रेकॉर्डिंगने पडला. पुस्तकावर बोटं लावणारा तो मुलगा, त्याने "पाऊस" ऐवजी "पास" वाचलं होतं. मी काही बोलले नाही. टॅब कानाला लावून त्याने स्वतःचा आवाज तीनदा ऐकला, पुस्तकात बघितलं आणि म्हणाला, "बाई, हे पुसा, मी परत वाचतो."
सह्याद्री दादा, एक विचारायचं होतं, रेकॉर्डिंग जपून ठेवता का? महिन्याचा एक आवाज ठेवला तर मार्चमध्ये आईबापांना ऐकवता येईल असं मनात आहे.