डेटाबेसचे प्रशिक्षण: आधी डेव्हलपमेंट शिकावे की अ‍ॅडमिनिस्ट्रेशन?

केळीपट्टा (रावेर):
नमस्कार. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून संगणकशास्त्राची पदवी घेऊन मी सध्या एका केळी व्यापाऱ्याच्या कार्यालयात हिशेब सांभाळतो. शेतकरी, कापणी, ट्रक, वजन, भाव हे सारे एक्सेलच्या फायलींत विखुरलेले आहे. ते डेटाबेसमध्ये आणण्याच्या खटपटीत मला या विषयाची ओढ लागली आणि आता याच क्षेत्रात नोकरी करायची आहे. जळगावच्या एका वर्गात डेव्हलपमेंटवर, म्हणजे एसक्यूएल (डेटाबेसमधली माहिती काढण्याची व बदलण्याची भाषा) व प्रोग्रामिंगवर भर आहे; पुण्याच्या एका संस्थेत ओरॅकल या डेटाबेस-प्रणालीचे अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे देखभाल, शिकवून परीक्षेची तयारी करून घेतात, पण पुण्यात राहण्याचा खर्च घरच्यांना जड जाईल. आधी काय शिकावे आणि वर्ग कसा पारखावा?

तापीकाठ (भुसावळ):
आधी डेव्हलपमेंट शिकावे, आणि त्यासाठी रावेर सोडण्याची गरज नाही. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांच्या रूपात ठेवण्याची पद्धत, मांडले. त्यावरच ओरॅकल, पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणाली उभ्या आहेत, म्हणून हा पाया कुठल्याही एका कंपनीच्या उत्पादनाशी बांधलेला नाही. पोस्टग्रेएसक्यूएल विनामूल्य आहे, ते घरच्या संगणकावर बसवा आणि सरावाला तुमचीच माहिती घ्या.

शेतकऱ्याचे नाव, गाव व मोबाइल प्रत्येक पावतीवर पुन्हा लिहू नये, हे कुठलाही वर्ग शिकवेल. भावाचे काय, हा खरा प्रश्न आहे. भाव रोज बदलतो म्हणून त्याचे वेगळे टेबल हवेच. पण प्रत्यक्ष ठरलेला भाव पावतीवरही ठेवावा लागतो, कारण तो त्या व्यवहाराचा भाग आहे. नॉर्मलायझेशनचे (तीच माहिती पुन्हा पुन्हा न ठेवण्याचे) नियम पाठ करून तो पावतीवरून काढून टाकला, तर भावाच्या टेबलात पुढे कधी दुरुस्ती होताच जुन्या पावत्यांची रक्कम बदलेल. शिक्षकांना हा प्रश्न विचारून पाहा.

दुसरी कसोटी ट्रान्झॅक्शनची, म्हणजे एकत्रच पूर्ण होणाऱ्या बदलांच्या गटाची. कापणीच्या टोळीने घेतलेली उचल मजुरीतून वळती करताना दोन कारकुनांनी एकाच वेळी एकाच मुकादमाची शिल्लक वाचली आणि प्रत्येकाने आपापली वजाबाकी करून आकडा परत लिहिला, तर एकाची नोंद पुसली जाते. पोस्टग्रेएसक्यूएल आणि ओरॅकल या दोन्हींत एकाच वेळच्या ट्रान्झॅक्शनना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची मुळातली पातळी ‘रीड कमिटेड’ (फक्त पक्क्या झालेल्या नोंदी वाचणारी) असते आणि ती हे थांबवत नाही; त्यासाठी ती ओळ ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने आधीच अडवून धरावी लागते, किंवा वजाबाकी ‘अपडेट’ या नोंद बदलण्याच्या वाक्यातच करावी लागते. वर्गात दोन खिडक्या उघडून हे करून दाखवत असतील, तर तो वर्ग पैसे भरण्याजोगा आहे.

पांझरा (धुळे):
वरील मताशी सहमत आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेशनपुरती भर घालतो. ही शाखा निवडणाऱ्याने पहिल्यापासून पुनर्स्थापनेचा, म्हणजे बॅकअपमधून डेटाबेस पुन्हा उभा करण्याचा, सराव करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण बहुतेक वर्ग बॅकअप घ्यायला शिकवतात आणि तिथेच थांबतात. समजा, पहाटे दोनला मूळ प्रत घेतली आणि सकाळी ११:४० ला कुणी ‘व्हेअर’ (कोणत्या ओळी बदलायच्या ती अट) न लिहिता ‘अपडेट’ चालवून सगळ्या पावत्यांचा भाव एकच करून टाकला. हाती केवळ पीजी-डंपची (त्या वेळच्या माहितीची नक्कल काढणाऱ्या साधनाची) फाइल असेल, तर पहाटेपर्यंतचीच माहिती परत मिळते आणि सकाळचे सगळे काम जाते. मूळ प्रतीसोबत बदलांच्या नोंदी, म्हणजे वॉल फायली, वेगळ्या जागी साठवल्या असतील, तर डेटाबेस ११:३९ च्या स्थितीत आणता येतो. हे स्वतःच्या हाताने, सरावाचा डेटाबेस मुद्दाम बिघडवून करावे. ज्या वर्गात तशी मोकळीक नाही, तिथे प्रमाणपत्र मिळेल, पण मोठ्या कार्यालयाचा सर्व्हर विश्वासाने हाती घेण्याची तयारी होणार नाही.

वर्गाची टिपणेही पाहून घ्यावीत. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘रिकव्हरी डॉट कॉन्फ’ ही पुनर्स्थापनेच्या सूचनांची फाइल २०१९ च्या बाराव्या आवृत्तीपासून रद्द झाली आहे. ती दिसली तर सर्व्हर सुरूच होत नाही. टिपणांत आजही तीच सांगितलेली असेल, तर ती बऱ्याच काळात कुणी चालवून पाहिलेली नाहीत.

केळीपट्टा (रावेर):
दोघांचेही मनापासून आभार. जळगावच्या वर्गात भावाचा प्रश्न विचारतो. आणखी एक शंका आहे. ओरॅकलची विनामूल्य आवृत्ती घरी बसवली आणि गावाच्या नावासाठी ‘व्हारचार-टू’ या मजकुरासाठीच्या प्रकाराचा १५ लांबीचा रकाना केला, तर ‘भुसावळ’ हे नावही त्यात मावत नाही, असे का?

तापीकाठ (भुसावळ):
ओरॅकलमध्ये ती लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, उकार ही स्वतंत्र चिन्हे असतात. म्हणून ‘भुसावळ’ची सहा चिन्हे अठरा बाइट होतात. रकान्याच्या व्याख्येत १५ पुढे ‘चार’ (इंग्रजी CHAR) हा शब्द लिहा, म्हणजे लांबी चिन्हांत मोजली जाईल. तरीही गावांच्या नावांसाठी ती किमान ४० ठेवा, कारण जोडाक्षरातला हलन्तही वेगळे चिन्ह म्हणून मोजला जातो.