इतिहास मंडळाची व्याख्यानं, सहली: तुमच्या आठवणी लिहा

काल आमच्या बोळात ड्रेनेजसाठी खणत होते, त्यात खापरी नळाचा तुकडा निघाला. कामगार राडारोड्यात टाकणार तेवढ्यात मी मागून घेतला. धुऊन गॅलरीत ठेवलाय. आतून हात फिरवला की कुंभाराच्या बोटांच्या रेघा लागतात. आणि एकदम वीस-बावीस वर्षांपूर्वीची कात्रजच्या नळाची सहल आठवली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातलं पाणी नुसत्या उतारावर शनिवारवाड्यापर्यंत आणलं, हे वाचलेलं होतंच. पण त्या दिवशी सरांनी एका उच्छ्वासापाशी थांबवलं आणि म्हणाले, "गप्प राहा, कान लावा." खाली पाणी वाहत होतं! चाळीसेक माणसं, कुणी हूं की चूं केलं नाही.
तुम्ही पण लिहा. दोन ओळी असल्या तरी चालतील.

ताई, उच्छ्वास म्हणजे?

नळावर ठरावीक अंतराने बांधलेले उभे धुराडे समजा. कोंडलेली हवा बाहेर जाते, गाळ काढायला आत उतरताही येतं.

वीरगळ!! म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव स्मृतिदगड. व्याख्यानात तीन कप्पे समजावले होते. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेतायत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, माथ्यावर चंद्र-सूर्य. पुढच्याच महिन्यात गावी गेलो, तर आमच्या आडावरचा कपडे धुवायचा दगड जरा वेगळा वाटला. वडिलांना म्हटलं उलटा करून बघू. पहार लावली, चौघं लागलो. खालच्या बाजूला ढाल-तलवार घेतलेला माणूस. आजीने त्या दगडावर साठ वर्षं कपडे आपटले होते. ती आत गेली, हळदकुंकू घेऊन आली. आता तो मारुतीच्या पारावर उभा आहे.

काटा आला वाचून दादा.

आमच्याकडचा गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी देणारा दगड, अजून बांधावर आडवा पडलाय, शिवी कोरलेली म्हणून कुणी हात लावत नाही. सरपंचांना पुन्हा सांगते. कुकर झाला, नंतर लिहिते.

मोडी लिपीचा वर्ग. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग अक्षरं तिला लटकवत जायची, हात शक्यतो उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे शुद्धलेखनाला घाबरणारी आमची बॅच खूश. तीन महिन्यांनी पणजोबांच्या गहाणखतातला पहिला शब्द लागला: "विहीर". तेवढाच. त्या रात्री झोप आली नाही.

मोडी शिकायचंय, कुठे चौकशी करू?

पुण्यात असाल तर भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापन केलेलं.

नाणेघाट, मुलगी तिसरीत होती. लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे, नागनिका राणीचा, यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचे आकडे आहेत त्यात. सरांनी आकड्यांची झेरॉक्स वाटली. आडवी एक रेघ म्हणजे एक, दोन रेघा म्हणजे दोन. ही पोरगी भिंतीशी उभी राहून ओरडली, "आई, दोन!" दोन हजार वर्षांपूर्वीचा आकडा तिने वाचला. उतरताना दगडी रांजण बघून विचारते, जकात यातच टाकायचे का. सगळे तसं सांगतात खरं.

नाणेघाटात आमची छत्री उलटी होऊन उडाली ती परत दिसली नाही 😄

आमचीही! दोघींच्या छत्र्या खाली कोकणात एकत्र असतील.

मी आयोजकांपैकी आहे, म्हणून वेगळं लिहितो. एका सभागृहाने ऐन वेळी कुलूप उघडलं नाही. बाहेर पाऊस. वक्ते सत्तरीचे, लांबून आलेले. जिन्यातच उभं राहून त्यांनी सव्वा तास ताम्रपटांवर व्याख्यान दिलं, लोक पायऱ्यांवर बसले. फोटो एकही नाही. आज ते सर नाहीत.

काका, 🙏

धागाकर्त्या ताई, त्या तुकड्याची जागा आणि खोली लिहून ठेवा बरं. ते नसेल तर अभ्यासकाला ते नुसतं खापर.

हो हो, सकाळी टेप घेऊन धावले, तर खड्डा बुजवलेला. मन खट्टू झालं. पण समोरच्या काकूंनी काल फोटो काढलाय, खड्ड्यात फावडं उभं आहे. फावडंवाले दादा उद्या पुढच्या गल्लीत येणार आहेत, दांडा मोजून घेते.