हीला, मखरज, पळवाट : एकच की तीन?

प्रश्न : एका उर्दू लेखाचा मराठी अनुवाद करते आहे. त्यात 'हीला' आणि 'हीला-ए-शरई' हे शब्द पानोपानी येतात. मी सरसकट 'पळवाट' लिहिलं. सोलापूरच्या विजापूर वेशीतल्या ओळखीच्या मौलवीचाचांना वाचून दाखवलं तर ते नाराज झाले. 'बेटी, ही काही चोरी नाही,' म्हणाले. मग मराठीत काय लिहू?

उत्तर : ताई, चाचांची नाराजी रास्त आहे. पण 'पळवाट' सगळीकडून खोडूही नका, काही ठिकाणी तोच शब्द नेमका बसेल.

हीला म्हणजे नियमाचे शब्द पाळून अडचणीतून सुटायची युक्ती; 'हीला-ए-शरई' म्हणजे शरीयतीच्या चौकटीतला हीला. आधी शब्दाचं कूळ पाहू. हीला अरबी, अनेकवचन हियल. धातू ह-व-ल, अर्थ वळणे, बदलणे. आपले हवाला, हवालदार, अहवाल याच घरातले. आपल्याकडच्या दखनीत 'हीले-हवाले' म्हणजे सबबी, टाळाटाळ. 'हलाला' मात्र या घरातला नाही. तो 'हलाल'कडून येतो, धातू वेगळा. तलाकच्या बातम्यांमुळे बरेच जण दोन्ही शब्द एकच समजतात, म्हणून हे आधीच सांगितलं.

हनफी, शाफिई, मालिकी आणि हंबली या सुन्नी विधिशास्त्राच्या चार परंपरा. त्यांतल्या हनफी विधिज्ञांनी या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. इमाम अबू हनीफांचे शिष्य शैबानी (मृत्यू इ.स. ८०५) यांच्या नावावर जो ग्रंथ आहे त्याचं नावच 'अल-मखारिज फिल-हियल'. मखारिज हे मखरजचं अनेकवचन. मखरज म्हणजे बाहेर पडायची जागा, निघायची वाट. तुमच्या अडचणीचं उत्तर या नावात आहे असं मला वाटतं. 'हियल'च्या शेजारी 'मखारिज' ठेवला, म्हणजे अडकलेल्याला नियम न मोडता बाहेर काढणं हा यातला मोठा भाग आहे, हे ग्रंथाच्या नावातच सांगून टाकलं.

दुसऱ्या बाजूचे लोकही तितकेच मोठे होते. इमाम बुखारी (मृत्यू ८७०) यांनी आपल्या हदीससंग्रहात (पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात) हियलवर वेगळा भाग घातला तो त्यांचं खंडन करायला, आणि त्याची सुरुवात 'कर्मं हेतूवरून ठरतात' या वचनाने केली. इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) या हंबली पंडितांनी तर याच खंडनात शेकडो पानं खर्ची घातली. आपल्या भागाशी या वादाचा एक दुवा आहे. औरंगजेबाने संकलित करून घेतलेल्या 'फतावा-ए-आलमगिरी' या हनफी कायदेग्रंथात हियलचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि तोच औरंगजेब १६९५ ते १६९९ मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला तळ ठोकून होता. माचणूरचा किल्ला पाहायला जातो तेव्हा हे आठवतं.

मला सगळ्यांत पटलेली कसोटी अकराव्या शतकातल्या सरख्सींची. तेही हनफीच. माणसाला हरामपासून वाचवणारा किंवा हलालपर्यंत नेणारा हीला चांगला. कुणाचा हक्क बुडवण्यासाठी किंवा खोट्यावर खऱ्याचा मुलामा देण्यासाठी केलेला वाईट. शब्द एकच, निवाडे दोन. कुरआनात पैगंबर अय्यूब यांनी फटके मारण्याची शपथ घेतली होती. त्यांना सांगितलं गेलं, हातात काड्यांची जुडी घे आणि तिने मार, शपथ मोडू नकोस. ही सुटका. तिथेच शनिवारच्या मासेमारीची गोष्टही आहे. त्या दिवशी मासे धरायला बंदी असलेली माणसं हद्द ओलांडतात आणि शिक्षा भोगतात. हीलासमर्थक पहिली गोष्ट सांगतात, विरोधक दुसरी.

आता सोलापुरी उदाहरण घ्या. मला दहा हजार हवेत, व्याज निषिद्ध आहे. दुकानदार मला चादरींचा गठ्ठा वर्षाच्या उधारीवर बारा हजारांना विकतो आणि लगेच रोख दहा हजारांना परत घेतो. गठ्ठा फळीवरून हललेलाही नसतो. माझ्या हातात दहा, डोक्यावर बारा. याला 'बैअ-अल-ईना' म्हणतात. शाफिईंच्या मते दोन्ही व्यवहार दिसतात तसे वैध, मनातलं शोधणं न्यायाधीशाचं काम नाही. मालिकी आणि हंबलींना अजिबात मान्य नाही. चादरी तिसऱ्यालाच विकल्या तर तो 'तवर्रुक'. बँकांनी त्याचं ठरीव साच्यातलं यंत्र केलं तेव्हा आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह (विधिशास्त्र) अकादमीने २००९ साली शारजात ते नामंजूर केलं. इथे खुशाल 'पळवाट' लिहा.

त्यावर एका वकिलांनी विचारलं : हे धर्मशास्त्राचं झालं. आमच्या कोर्टात हेतू कोण पाहतो? तिथे कर 'टाळणे' कायदेशीर, 'चुकवणे' गुन्हा. मराठीत दोन्हीला 'पळवाट' म्हणतात, ती चूकच ना?

उत्तर : चूकच, वकीलसाहेब. पण आपला कायदाही आता नुसता कागद पाहत नाही. मॅकडॉवेल प्रकरणात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्याच्या चौकटीत करनियोजन करा, पण बनावट साधनं त्यात धरता येणार नाहीत. १ एप्रिल २०१७ पासून तर करटाळणीविरोधी सर्वसाधारण नियमच लागू आहेत. व्यवहाराचा मुख्य हेतू करातून सुटणं हाच असेल आणि व्यवहारात खरा व्यापारी अर्थ नसेल, तर आयकर खातं तो व्यवहार बाजूला सारू शकतं. बुखारींचं पहिलं वचन आणि हे नियम फार लांब नाहीत.

विडीचं पाहा. आपल्या शहरात हजारो बायका घरी विड्या वळतात, तेव्हा हे समजून घ्यायला सोपं जाईल. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात (तो २०२५ मध्ये रद्द झाला), मालकाने किंवा ठेकेदाराने घरी विड्या करण्यासाठी कच्चा माल 'दिला' असेल तर ती बाई कामगार ठरायची. मग देशात अनेक ठिकाणी 'विक्री-खरेदी' पद्धत निघाली. मालक पान-तंबाखू बाईला 'विकतो' आणि तयार विड्या 'विकत घेतो'. कागदावर दोन व्यापारी, कामगार कुणीच नाही. भविष्यनिधी नाही, बोनस नाही, रजा नाही. रचना चादरींच्या गठ्ठ्याचीच आहे. तिथे दोन विक्रींमागे कर्ज लपवलं होतं, इथे नोकरी. याला मी 'कायदेशीर मार्ग' म्हणणार नाही, 'पळवाट'ही सौम्य पडते. इथे 'चुकवेगिरी' लिहा. सरख्सींची कसोटी लावली तर बाईचा हक्क धडधडीत बुडाला आहे.

गुंठ्याचं प्रकरण इतकं सरळ नाही. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतजमिनीचा ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकू देत नाही. मग एकमेकांचं तोंडही न पाहिलेली आठ-दहा माणसं मोठा तुकडा सामाईक घेतात. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं एकाखाली एक, आणि जागेवर चुन्याच्या रेषा. डोक्यावर छप्पर हवं असलेल्या माणसासाठी हा मखरजच आहे, त्याला चोर म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण कर्ज काढायचं किंवा जागा विकायची वेळ आली की बाकीच्यांच्या सह्यांसाठी दारोदार फिरावं लागतं. यासाठी मराठीत बिनदोषाचा शब्द नाही. 'आडवाट' चालेल असं वाटतं.

शुफाचा हक्क तर शरीयत आणि आपला कायदा, दोन्हीकडे सापडतो. शुफा म्हणजे शेजारची जमीन आधी विकत घेण्याचा अधिकार. हनफी ग्रंथांतला उपाय असा : शेजाऱ्याच्या बांधालगतची हातभर पट्टी स्वतःकडे ठेवा आणि उरलेली विका, म्हणजे शेजारपणच संपलं. बिशन सिंग खटल्यात (१९५८) सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हा हक्क फार दुबळा आहे, तो सर्व वैध मार्गांनी निष्फळ करता येतो. १९६२ मध्ये तर नुसत्या शेजारपणावर आधारलेला हा हक्क घटनाबाह्य ठरला. उलट सरला मुदगल प्रकरणात (१९९५), पहिलं लग्न कायम असताना दुसरं करण्यापुरता इस्लाम स्वीकारणाऱ्या हिंदू नवऱ्याला त्याच न्यायालयाने सुटू दिलं नाही. पहिल्या बायकोचा हक्क दुबळा नव्हता.

मूळ प्रश्नकर्त्या ताई, 'हीला-ए-शरई' बहुधा जकातीच्या, म्हणजे मुसलमानांवर बंधनकारक असलेल्या दानाच्या, संदर्भात आला असेल. जकात गरजू माणसाच्या मालकीची व्हायला हवी, इमारतीला देता येत नाही. म्हणून ती आधी गरीब विद्यार्थ्याला देतात आणि तो ती मदरशाला देतो. विद्यार्थी खरोखर मालक झाला आणि त्याने मनापासून दिली, तर 'शास्त्रसंमत मार्ग' लिहा. पाकीट त्याच्या हातात ठेवून त्याच क्षणी परत घेतलं जात असेल तर 'पळवाट'च लिहा. लेखकाला यातलं कोणतं म्हणायचं आहे ते त्या परिच्छेदावरूनच ठरेल. तो इथे टाकलात तर बरं, आणि चाचांनाही तेवढाच परिच्छेद पुन्हा वाचून दाखवा.