शून्य दाबल्यावर काय काय झालं? बाहेरच्या लाइनींचे अनुभव

सात वर्षं रिसेप्शनला बसून ऑफिसचा टेलिफोन बोर्ड सांभाळला, म्हणजे आतले फोन बाहेरच्या लाइनींना जोडणारं यंत्र. आत साठ एक्स्टेन्शन (आतले फोन), बाहेर जायला लाइनी चार; शून्य हा बाहेरची लाइन मागायचा आकडा. "लाइन दे गं" हे मी स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलंय. सुरुवात मी करते, मग तुम्ही लिहा.

एका सोमवारी सकाळी आले तर दुसऱ्या आणि तिसऱ्या लाइनचे दिवे लाल. ऑफिसात मी आणि शिपाईकाका, दोघंच. कानाला लावून ऐकलं तर टूं-टूं, टूं-टूं, एकात एक मिसळलेलं. मग आठवलं: शनिवारी निघताना एका ग्राहकाचा बाहेरून आलेला कॉल आणखी एक लाइन घेऊन साहेबांच्या मोबाइलला जोडून दिला होता. दोघांनी बोलून फोन ठेवले, बोर्डाला पत्ताच नाही. आतल्या माणसाने रिसीव्हर ठेवला की बोर्डाला लगेच समजतं. बाहेरच्याने ठेवला तर टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजने कळवावं लागतं: क्षणभर करंट तोडून, पोलॅरिटी (तारांचं प्लस-मायनस) उलटी करून किंवा नुसता एंगेज टोन देऊन. आमच्याकडे टोनच यायचा आणि तो ओळखायचं सेटिंग बंद होतं. दोन्ही लाइनी रविवारभर एकमेकींना धरून बसल्या होत्या!

सेटिंग चालू करून घेतलं, शिवाय बाहेरून बाहेर जोडलेल्या कॉलला अर्ध्या तासाची मर्यादा घातली. त्या मर्यादेत साहेबांचं बोलणं दोनदा तुटलं. बोलणी अर्थातच मला.

*

मी दुरुस्तीवाला. अडकलेली लाइन निदान दिसते तरी. मेलेली लाइन जास्त छळते, कारण ती एक्स्चेंजला मोकळीच वाटते.

एका ठिकाणी तक्रार होती, "दोन दिवस कुणाचा फोनच येत नाही." हंटिंगमधली (एक लाइन एंगेज असली की कॉल पुढच्या लाइनवर सरकवायची सोय) पहिलीच लाइन गेली होती. मुख्य नंबरवर येणारा प्रत्येक कॉल तिच्यावर जायचा, करणाऱ्याला रिंग ऐकू यायची आणि इथे सगळं शांत. बाकीच्या लाइनी ठणठणीत, पण पहिली एंगेज असल्याशिवाय कॉल पुढे सरकणार कसा? क्रोनवर (बाहेरच्या तारा जोडायच्या पट्टीवर) मीटर लावला तर ४८ व्होल्ट व्यवस्थित, म्हणजे केबल चांगली, बोर्डाचा पोर्ट (लाइन जोडायची जागा) गेलेला. नवं कार्ड येईपर्यंत त्या लाइनच्या तारांवर साधा फोन लावला आणि रिसीव्हर काढून ठेवला. लाइन एंगेज, कॉल दुसरीवर. त्या फोनवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "रिसीव्हर ठेवू नये". संध्याकाळी झाडलोट करताना कुणीतरी नीट ठेवून दिला.

*

आमच्याकडे शून्य दाबून बाहेरचा नंबर फिरवायला जावं तर समोरून "हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?" येणारा आणि जाणारा कॉल एकाच लाइनवर एकाच क्षणी. उपाय सोपा निघाला. येणारे कॉल पहिल्या लाइनपासून चढत जातात, तर जाणारे शेवटच्या लाइनपासून उतरत न्यायचे. अजूनही कधीतरी टक्कर होते.

*

मी हिशेबातला, म्हणून "लाइनी किती घ्याव्यात" हे माझ्या गळ्यात पडलं. सर्वांत गर्दीच्या तासात सरासरी ३ मिनिटांचे ४० कॉल, म्हणजे १२० मिनिटं, म्हणजे २ एर्लांग (सरासरी दोन लाइनी तासभर गुंतलेल्या). हे माप ज्याच्या नावाचं, त्या एर्लांग या डॅनिश गणितज्ञाचं सूत्र लावलं तर ४ लाइनींवर शंभरातले नऊ-दहा कॉल अडतात, ६ लाइनींवर जेमतेम एक. म्हणजे दोनच लाइनी वाढवायच्या. व्यवस्थापनाने आधी "लोकांना कमी बोलायला सांगा" असं परिपत्रक काढलं. कोण कमी बोलतंय! मग लाइनी आल्या.

*

इंटरनेटवरची ट्रंक (बाहेरची लाइन) घेतलेल्यांनी जपा. आमच्या व्हॉइसमेलचा पासवर्ड एक्स्टेन्शनचाच नंबर होता. तिथून बाहेर फोन लावायची सोय उघडी राहिली होती, सुट्टीत कुणीतरी परदेशात कॉल केले. आता आंतरराष्ट्रीय कॉल फक्त दोन एक्स्टेन्शनना, रात्री सगळ्यांनाच बंद.

*

वीज गेली, बॅटरी संपली की आमच्या बोर्डात एक बाहेरची लाइन थेट वॉचमनच्या केबिनमधल्या फोनला जोडली जाते. चांगली सोय, फक्त तेव्हा शून्य दाबायचं नसतं. हे कुणी सांगितलंच नव्हतं. पाऊण तास आम्ही तीन इंजिनियर आळीपाळीने शून्य दाबून चुकीचे नंबर लावत होतो. शेवटी वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, मी तर सरळ नंबर फिरवतो."